रेबीजचं झालं, पण बाकीचं? घरच्या कुत्र्या-मांजरांच्या लसी नीट कशा करायच्या

गोव्यात एक गोष्ट फार चांगली आहे, कुत्र्याला रेबीजची लस द्यायला माणसं दारात येतात. 2014 पासून पशुसंवर्धन खातं आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून हे काम करतायत, वाड्यावाड्यात फिरून पाळलेल्या कुत्र्यांना दारात आणि रस्त्यावरच्यांना जाळीत पकडून लस देतात, आणि त्यामुळेच 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. पण याच चांगल्या गोष्टीतून एक गैरसमज घराघरात बसलाय आणि तो आमच्याही घरात होता, म्हणून हे सगळं लिहितेय. गैरसमज असा की दारात येऊन इंजेक्शन दिलं ना, मग झाली कुत्र्याची लस. नाही झाली. ते फक्त रेबीजचं झालं. पार्वो, डिस्टेंपर, लेप्टो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांची लस वेगळी असते, ती कोणी दारात आणून देत नाही, ती आपल्यालाच जाऊन करून घ्यावी लागते.

आमचा लाल्या यातच गेला. डिचोलीजवळ घर, मागे कुळागर म्हणजे माडा-पोफळीची बाग, तिथेच कोणीतरी सोडलेलं गावठी पिल्लू, तांबूस रंगाचं. साडेतीन महिन्यांचा असताना लसवाली टीम आली, रेबीजचं इंजेक्शन दिलं, कपाळावर रंगाचा पट्टा मारला, आम्ही खूश. शेजारच्या काकींनी विचारलं डॉक्टरकडे नेलास का गं, तर सासरे म्हणाले, "मारलां न्हय इंजेक्शन, आनी कितें जाय?" म्हणजे मारलं ना इंजेक्शन, आणखी काय हवं, आणि मलाही तेच वाटलं. जूनमध्ये पाऊस लागला आणि एका रात्री त्याने खाल्लेलं सगळं ओकलं, सकाळी पाणीसुद्धा पोटात ठरेना, दुपारी रक्ताची जुलाब, आणि तो वास, ज्यांनी एकदा घेतलाय ते विसरत नाहीत. तीन दिवस सलाईन चाललं. चौथ्या दिवशी पहाटे पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला, रोज त्या भोंग्याला भुंकत फाटकापर्यंत धावायचा तो, त्या दिवशी फक्त शेपटीचं टोक हललं. सातच्या आधी गेला. पार्वो होता, ज्याला आपल्याकडे लोक नुसतं 'गॅस्ट्रो' म्हणतात. लस असलेला आजार होता हा.

तर आता पहिल्यापासून सांगते.

कुत्र्यांसाठी मुख्य दोन लसी समजून घ्या. एक रेबीज. दुसरी ती सगळी एकत्र असलेली, जिला दुकानात-दवाखान्यात सेव्हन-इन-वन, नाईन-इन-वन असं म्हणतात, काही डॉक्टर डीएचपीपीआय-एल म्हणतात. यात डिस्टेंपर, पार्वो, कुत्र्यांची कावीळ म्हणजे हिपॅटायटिस, पॅराइन्फ्लुएन्झा आणि लेप्टोचे प्रकार असतात, कंपनीप्रमाणे एखाददुसरं कमीजास्त. नोबिवॅक, व्हॅनगार्ड, मेगाव्हॅक, कॅनिजेन अशी नावं कार्डावर दिसतील. सातची घ्यायची की नऊची यावर लोक उगाच भांडतात, आकड्यापेक्षा त्यात डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टो तिन्ही आहेत की नाहीत ते विचारा, बाकी डॉक्टरांवर सोडा.

वेळापत्रक साधारण असं. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी एक, आणि शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावर. म्हणजे बहुतेकांचे तीन डोस होतात, काहींचे चार. आजूबाजूला पार्वोची केस असेल किंवा पिल्लू आईपासून लवकर सुटलं असेल तर काही डॉक्टर चार-सहा आठवड्यांतच फक्त डिस्टेंपर-पार्वोची छोटी लस देतात, पपी डीपी म्हणतात तिला. रेबीज 12 आठवड्यांनंतर, आपल्याकडे बरेच डॉक्टर महिन्याभराने त्याचा दुसरा डोसही देतात. मग वर्षाने सगळ्याचा बूस्टर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो 16 आठवड्यांनंतरचा डोस. लोक पहिले दोन करतात आणि सोडून देतात, पिल्लू टुणटुणीत दिसतं, पावसात कोण नेणार, पैसेही जातात, आणि मग चार महिन्यांचं कुत्रं पार्वोने जातं आणि घरचे म्हणतात लस देऊनही गेलं, लसीत काही अर्थ नाही. यामागचं कारण एकदा समजलं की तुम्ही हा डोस कधीच चुकवणार नाही. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवशी आईचा चीक पितं, गाईचा चीक असतो तसाच, आणि त्या चिकातून आईची प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात येते. ती त्याला सुरुवातीचे काही आठवडे वाचवते, पण तीच शक्ती लसीलाही शत्रू समजून संपवून टाकते, म्हणजे लस दिली तरी पिल्लाचं स्वतःचं शरीर काही शिकतच नाही. ही आईची शक्ती कुठल्या पिल्लात आठव्या आठवड्यात उतरते, कुठल्या पिल्लात चौदाव्या, बाहेरून बघून काही कळत नाही, एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक असतो. म्हणून परत परत डोस द्यायचे, कुठलातरी एक बरोबर वेळेला लागावा म्हणून, आणि 16 आठवड्यांपर्यंत जवळजवळ सगळ्यांची उतरलेली असते म्हणून तो शेवटचा डोस खरा भरवशाचा. एखादवेळी पहिला डोस हुकला तर भरून काढता येईल, पण शेवटचा नको.

तोपर्यंत पिल्लाला काय घरात कोंडून ठेवायचं का? नाही. कडेवर घेऊन फिरवा, माणसं दाखवा, स्कूटरचा आवाज, मुलं, लसीकरण झालेलं शेजारचं मोठं कुत्रं, हे सगळं याच वयात बघायला हवं नाहीतर मोठेपणी भित्रं नाहीतर चावरं होतं. फक्त जिथे बाहेरची कुत्री हगतात-मुततात तिथे जमिनीवर सोडू नका, बीचवर तर अजिबात नको, तिथे किती कुत्र्यांची ये-जा असते बघा. आणि ज्या घरात गेल्या वर्षभरात पार्वोने पिल्लू गेलंय त्या घरात लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू आणू नका. हा विषाणू मातीत महिनोन्महिने जगतो, सावलीच्या ओलसर जागेत वर्षभरही, आणि आपल्या घरातलं फिनाईल त्याला पुरत नाही. आधी घाण साबणाने धुवून काढायची, मग ब्लीच, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग धुवायचं. कुळागराची माती कोण ब्लीचने धुणार, म्हणून आम्ही लाल्यानंतर दीड वर्ष थांबलो आणि मगच मोतीला आणलं.

घरातली मोठी माणसं म्हणतात आमच्या वेळी कुत्र्यांना कसली इंजेक्शनं, उरलेलं शीतकडी खाऊन दहा-बारा वर्षं जगायची. त्यांना खोटं पाडायची गरज नाही, त्यांना एवढंच सांगा की हा पार्वो त्यांच्या लहानपणी नव्हताच, 1978 च्या सुमाराला तो जगात पहिल्यांदा दिसला आणि एकदोन वर्षांत सगळीकडे पसरला. माझ्या सासऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले, आणि मोतीच्या दुसऱ्या डोसाला स्वतः गाडी काढून आले. गावठी कुत्रं कणखर असतं हे खरं, पण पार्वोला गावठी आणि लॅब्राडोर सारखंच.

लेप्टोबद्दल गोवेकरांनी जरा जास्त मनावर घ्यावं असं मला वाटतं. उंदराच्या मुतातून येणारा आजार, पावसात साचलेलं पाणी, शेतातला चिखल, गोठ्यामागची डबकी, आपल्याकडे चार महिने हेच असतं, आणि कुत्रं त्यातून चालतं, त्यातलंच पाणी पितं. लिव्हर आणि किडनीवर जातो. आणि हा कुत्र्याकडून माणसालाही होतो, कुत्र्याचं मूत साफ करताना हाताला जखम असेल तर लागण होऊ शकते, म्हणजे ही लस घरच्या माणसांसाठीही आहे. याचे पहिल्यांदा दोन डोस लागतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, एकाच डोसावर भागत नाही, आणि त्याचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं, म्हणून हा दरवर्षी करावाच लागतो. मी मोतीचा वार्षिक बूस्टर मे महिन्यात ठेवलाय, म्हणजे पाऊस लागायच्या आधी ताजा असतो. मेमध्ये नेताना सकाळी आठ-साडेआठलाच न्या, दुपारच्या उन्हात गाडीत कुत्रं ठेवून काजू विकायला उतरू नका, दहा मिनिटांतही गाडी भट्टी होते.

डिस्टेंपर-पार्वोचं मात्र थोडं वेगळं आहे. पिल्लूपणीची मालिका आणि वर्षाचा बूस्टर नीट झाला असेल तर त्याचं संरक्षण तीन वर्षं किंवा जास्त टिकतं असं आता जगभरचे तज्ज्ञ मानतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सगळं दरवर्षीच देतात कारण लेप्टो त्याच बाटलीत असतो. तुमच्या डॉक्टरांशी बोला, विचारण्यात काही चूक नाही. पण रेबीज आपल्याकडे दरवर्षी करणंच शहाणपणाचं, यात तडजोड नको.

आता जायचं कुठे. पणजीत टोंकला सरकारी पशु दवाखाना आहे, तालुक्यातालुक्यात पशुसंवर्धन खात्याचे दवाखाने आहेत, खासगी व्हेट म्हापसा-मडगाव-फोंडा-पर्वरी सगळीकडे आहेत. सरकारीत आधी फोन करून विचारा की आज लस आहे का, रेबीजची बहुतेक असते, नाईन-इन-वन काही वेळा बाहेरून विकत आणायला सांगतात. आणि बाहेरून आणायची झाली तर हे वाचा, कारण इथे फार चुका होतात. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे, बाटलीपासून सुईपर्यंत. मेडिकलमधून घेतली की थर्माकोलच्या डब्यात आईसपॅक घालून आणायची, बर्फाला थेट चिकटवायची नाही, गोठली तरी बिघडते. डिकीत टाकून मध्येच मासळी घ्यायला थांबलात तर ती लस राहिली नाही, नुसतं पाणी टोचलंत. पावसात आपल्याकडे लाईट जाते ती कधीकधी अख्खा दिवस, तेव्हा दवाखान्यात फ्रिजला इन्व्हर्टर आहे का हे मी सरळ विचारते. चांगले डॉक्टर रागावत नाहीत, आमच्या डॉक्टरांनी तर उठून फ्रिजमधलं थर्मामीटर दाखवलं.

लस देताना बघत उभं राहा. दोन छोट्या बाटल्या असतात, एकीच्या तळाला पांढरट वडीसारखं काहीतरी चिकटलेलं, दुसरीत पातळ. डॉक्टर पातळ उचलून वडीच्या बाटलीत सोडतात, हलकेच फिरवतात, वडी बघता बघता विरघळते आणि मग ते मानेमागची कातडी चिमटीत धरून टोचतात. हे सगळं तुमच्यासमोर व्हायला हवं, सकाळीच कालवून ठेवलेली लस नको, कालवल्यावर ती लगेच वापरायची असते. मग बाटलीवरचा स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते. स्टिकर नसेल तर मागा, सही-शिक्का आणि पुढची तारीख लिहून घ्या. आणि तिथेच कार्डाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, आमचं पहिलं कार्ड पावसात भिजून नुसता निळा डाग उरला होता. पालिकेत किंवा पंचायतीत कुत्र्याची नोंदणी करताना, कोकण रेल्वेने किंवा विमानाने नेताना, पुण्या-मुंबईला जाताना कुठे बोर्डिंगला ठेवायचं असेल तेव्हा, सगळीकडे हेच कार्ड मागतात. दारात येणारी टीम आली तर तेव्हाची तारीखही याच कार्डावर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

लस कधी द्यायची नाही तेही सांगते. ताप असेल, जुलाब चालू असतील, खात नसेल, तर पुढे ढकला. गाभण कुत्रीला किंवा मांजरीला ही एकत्र लस सहसा देत नाहीत, आधी सांगा, शंका असली तरी सांगा. स्टेरॉईड चालू असेल तर सांगा. आणि जंताचं औषध आधी झालेलं असावं, पोटात जंत भरलेलं पिल्लू आधीच अशक्त असतं. जंताचं औषध पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी तीन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे. अंदाजाने अर्धी गोळी देऊ नका, दवाखान्यात वजनकाटा असतो त्यावर उभं करा.

टोचल्यावर वीस मिनिटं-अर्धा तास दवाखान्याजवळच थांबा, घाई करून निघू नका. त्या दिवशी थोडी सुस्ती, हलका ताप, जेवण कमी, टोचलेल्या जागी बारीक गाठ, एवढं चालतं, एकदोन दिवसांत जातं, गाठीला आठवडे लागू शकतात. पण तोंड सुजलं, डोळ्यांभोवती फुगलं, अंगावर गांध्या उठल्या, लागोपाठ उलट्या, हिरड्या पांढऱ्या, श्वास लागला, कोसळलं, यातलं काहीही दिसलं तर ती ॲलर्जी आहे, तसेच उलटे दवाखान्यात. हे क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा प्रश्न असतो. मोतीचं एकदा वरचा ओठ सुजून आला होता, आम्ही दवाखान्याच्या बाहेरच वडापाव खात होतो म्हणून लगेच आत नेता आलं, एका इंजेक्शनवर उतरलं. ते कार्डावर लाल पेनाने लिहिलंय आणि तेव्हापासून डॉक्टर त्याला रेबीज आणि नाईन-इन-वन एकाच दिवशी देत नाहीत.

आता मांजरं. मांजरांचं आपल्याकडे कोणी काही करत नाही, बांगड्याचं डोकं टाकलं की झालं, आणि दारातली टीमही मुख्यतः कुत्र्यांसाठी असते, म्हणून मांजरांचं पूर्ण आपल्यावरच. मांजरांना पण दोन लसी, एक रेबीज आणि एक तीन-इन-वन, ट्रायकॅट म्हणून मागितली की कळतं. त्यात पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी असतात. पॅनल्यूकोपेनिया म्हणजे मांजरांचा पार्वोच समजा, त्याच घराण्यातला विषाणू, पिल्लं एकेका दिवसात जातात, वेतातली सगळीच्या सगळी, आणि लोकांना वाटतं कोणी विष घातलं. किती घरांत या एका संशयावरून शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालंय. हर्पिस-कॅलिसी म्हणजे ते डोळे चिकटलेले, नाक गळतं, तोंडात फोड आणि लाळ, ती लस आजार पूर्ण थांबवेलच असं नाही पण जोर खूप कमी करते. पहिला डोस आठ आठवड्यांना, मग बारा, मग सोळा, तोच आईच्या चिकाचा हिशोब इथेही. रेबीज बारा आठवड्यांनंतर. वर्षाने बूस्टर, पुढे रेबीज दरवर्षी आणि ट्रायकॅट डॉक्टर सांगतील त्या अंतराने.

"माझं मांजर घराबाहेरच जात नाही" असं फ्लॅटमध्ये राहणारे खूप जण म्हणतात. पॅनल्यूकोपेनिया चपलेला चिकटून घरात येतो, त्याला मांजराने बाहेर जायची गरज नाही. आणि रेबीजचं म्हणाल तर जिन्यात भटकं मांजर येतं, दार उघडं राहतं. एकदाच पुरतं.

मांजर न्यायचं कसं हा खरा प्रश्न. आमच्या मनीला पहिल्यांदा मी भाजीच्या पिशवीत घालून स्कूटरवरून नेलं, उसगावच्या वळणावर ती पिशवी फाडून बाहेर, ट्रक मागे, माझा जीवच गेला होता. असं करू नका. झाकण नीट बंद होणारा प्लास्टिकचा कॅरियर घ्या, वरूनही उघडणारा असेल तर उत्तम, आणि तो लसीच्या दिवशी माळ्यावरून काढू नका, आठवडाभर आधी हॉलमध्ये उघडा ठेवून द्या, आत आईची जुनी सुती साडी घडी करून, त्यात सुक्या बांगड्याचा बारीक तुकडा. मनी तिसऱ्या दिवशी आत झोपायला लागली. जाताना वरून टॉवेल टाका, अंधारात मांजर शांत राहतं. दवाखान्यात कॅरियर जमिनीवर कुत्र्यांच्या तोंडासमोर नको, मांडीवर नाहीतर बाकावर ठेवा. गर्दीच्या वेळी नका जाऊ, मी दुपारी दवाखाना उघडता उघडता जाते.

मांजरांत टोचलेल्या जागी पुढे गाठ होऊन तिचा कॅन्सर होऊ शकतो, फारच क्वचित, पण माहिती असावी. लक्षात ठेवायला सोपं, गाठ तीन महिन्यांनंतरही आहे, किंवा दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी आहे, किंवा महिन्यानंतरही वाढतेच आहे, तर डॉक्टरला दाखवा. कुठल्या पायात कुठली लस दिली ते कार्डावर लिहून घ्या. या भीतीने लस टाळू नका, पॅनल्यूकोपेनिया आणि रेबीज त्याहून कितीतरी जवळ आहेत.

आणि मांजरवाल्यांनो, हे जरा ठळक वाचा. कुत्र्याच्या गोचिडीचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या पुष्कळांत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला चालतं, मांजराला विष, झटके येऊन मरतं. एकाच सोफ्यावर कुत्रं-मांजर झोपत असतील तर कुत्र्याला लावल्यावर पूर्ण सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. लसीनंतर ताप वाटतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर कधीच नाही, मांजर एका गोळीने जाऊ शकतं. गोचिडीचा ताप हा कुत्र्यांचा वेगळाच मोठा विषय आहे, त्याची आपल्याकडे नेहमी वापरात असलेली लस नाही, तिथे गोचिडच रोखायची, पण त्यावर परत कधीतरी.

रस्त्यावरचं मोठं कुत्रं किंवा मांजर घरात घेतलं आणि आधीचं काहीच माहीत नाही, तर काही झालं नाहीये असंच धरून चालायचं. कपाळावर पुसट पट्टा दिसला तरी. डॉक्टर बहुतेक एकत्र लसीचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि एक रेबीज देतात. ज्यादा लस लागली तर काय होईल अशी भीती नको, सहसा काही होत नाही, न लागलेली त्रास देते. कान टोकाला कापलेला दिसला तर त्याचं ऑपरेशन झालंय एवढंच समजा, लस या वर्षीची असेल असं नाही.

आता चावण्याचं, कारण लस दिलेलं कुत्रंही भांडणात चावून घेतं. लस चालू असलेल्या कुत्र्याला दुसरं कुत्रं, कोल्हा, मुंगूस काही चावलं तर हातात ग्लोव्ह घालून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे, रेबीजचा बूस्टर परत देतात, कार्ड चालू असलं तरी. लस नसलेल्याला चावलं असेल तर पाच इंजेक्शनांचा कोर्स लागतो आणि कडक नजर. आणि माणसाला चावलं, ओरबाडलं, जखमेवर चाटलं, अगदी घरच्या पिल्लाने जरी, तरी आधी पंधरा मिनिटं घड्याळ लावून साबण-पाण्याने धुवायचं, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही, आणि सरळ जवळच्या आरोग्य केंद्रात, नाहीतर म्हापशाला आझिलो म्हणजे जिल्हा हॉस्पिटल, बांबोळीला गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. रक्त आलं असेल तर नुसती लस नाही, जखमेत सोडायचं सीरमही लागतं, ते विचारून घ्या. चावणारं कुत्रं-मांजर दहा दिवस डोळ्यासमोर ठेवायचं, मारायचं नाही, दूर नेऊन सोडायचं तर नाहीच, पण ते बरं आहे का बघत आपली लस थांबवायचीही नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजला जवळजवळ उपाय नाही. मुलांना हे सांगून ठेवा की कुत्र्याने ओरबाडलं तर आई ओरडणार नाही, पण सांगायचं, कारण मुलं मार बसेल म्हणून लपवतात.

एक विनंती अजून. टीम तुमच्या वाड्यात येते तेव्हा घरी थांबा, कुत्रं बांधून ठेवा, तुम्ही ज्या रस्त्यावरच्या दोन-चार कुत्र्यांना भात घालता त्यांनाही हाक मारून पकडून द्या. ती तुमच्या आवाजाला येतात, त्यांच्या जाळीला नाही. एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रेबीजची साखळी तुटते. आमच्या वाड्यात त्या सत्तरात बसायला सगळ्यात कठीण म्हणजे देवळामागची काळी कुत्री, पाच वर्षं कोणाच्या हाताला लागली नाही. गेल्या वेळी पुजाऱ्यांच्या मुलीने नारळाच्या खोबऱ्याचा तुकडा दाखवून तिला पायरीवर बसवलं आणि दोन्ही हातांनी मान धरून ठेवली, दहा सेकंदांत काम झालं.

घरात कालनिर्णय असेल तर आजच पुढच्या तारखा त्यावर लिहा, मोबाईलच्या रिमाइंडरला लोक स्वाइप करून टाकतात, भिंतीवरची तारीख रोज दिसते. आमच्या कालनिर्णयावर मे महिन्यात 'मोती – नऊ आणि रेबीज, वेगवेगळ्या दिवशी' असं आहे आणि ऑगस्टमध्ये 'मनी', आणि दोन्ही सासऱ्यांच्या अक्षरात आहेत.